सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासाचा मुलांसाठी ॲक्टिव्हिटी बॉक्स: बाराही पाकिटं करून झाल्यावर

बॉक्स संपवून पंधरा दिवस झाले, आता निवांत लिहायला बसले. आधीच सांगते, घ्या. पण चौथ्या पाकिटातली गोष्ट मुलांना आहे तशी वाचून दाखवू नका आणि नकाशा स्वतः वाढवून घ्या, का ते पुढे सांगतेच.

आम्ही दोन्ही मुलांना घरीच शिकवतो, थोरली दहाची, धाकटा सातचा. दोघांना बायबल बऱ्यापैकी माहीत आहे, प्रेषितांची कृत्ये तर आम्ही मागच्या वर्षी सलग वाचलं, पण ते पुस्तक संपतं कुठे तर प्रेषित पौल रोमला पोचतो, भाड्याच्या घरात दोन वर्षं राहतो, येईल त्याला शिकवतो, बस. धाकट्याने पुस्तक मिटताना विचारलं, "मग पुढे कोण होतं?" आणि खरंच सांगते मला नीट उत्तर देता आलं नाही. मला ख्रिस्ती लोकांना छळणारा रोमन बादशहा नीरो माहीत होता, त्यांना मोकळीक देणारा बादशहा कॉन्स्टंटाईन माहीत होता, आणि मधे अडीचशे वर्षं नुसता अंधार. त्या प्रश्नासाठी हा बॉक्स मागवला.

आत बारा पाकिटं असतात, एका आठवड्याला एक असा हिशोब. पालकांसाठी एक पुस्तिका, एक मोठा नकाशा, पपायरसचे (लव्हाळ्यासारख्या गवतापासून केलेले) चार कागद, मेणाची पाटी आणि तिची टोकदार काडी, थोडी माती, जाड दोरा, बोथट सुई आणि प्रिंट काढायची पानं. बारा आठवडे लिहिलंय पण आम्हाला चौदा लागले आणि मला वाटतं घाई करूच नये, काही पाकिटं दोन तासांत संपतात आणि काहींवर मुलं चार-चार दिवस बोलत राहतात.

सगळ्यात आवडलं ते पत्राचं पाकीट, दुसऱ्या नंबरचं. पौलाची पत्रं आपण छापील बायबलमध्ये वाचतो ना, वचनांना नंबर, वर मथळे, त्यामुळे मुलांना ते पत्र आहे हेच जाणवत नाही. इथे काय करायचं, एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, कारण पौल बऱ्याचदा सांगायचा आणि लिहिणारा वेगळा असायचा, रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात तो लिहिणारा मधेच स्वतःच्या नावाने सलाम पण घालतो, तर्तियस. थोरलीला हे इतकं आवडलं की तिने धाकट्याचं पत्र लिहून घेताना खाली स्वतःचं नाव घातलंच. मग लिहायचं कसं तर शब्दांमधे जागा न सोडता, कारण तेव्हाचं ग्रीक असंच सलग लिहायचे. पुस्तिकेत हे इंग्रजी अक्षरांत करून दाखवलंय, आम्ही मराठीत केलं, आणि मराठीत ते जास्त छान होतं बरं का, कारण शिरोरेषा तुटतच नाही, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सरळ रेघ आणि खाली अक्षरं लोंबकळतायत. धाकटा म्हणाला हे वाचताच येत नाही. मी म्हटलं मोठ्याने वाच. त्याने एकेक अक्षर मोठ्याने म्हणायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीला शब्द आपोआप सुटे व्हायला लागले, कानाला कळतं ते डोळ्याला कळत नव्हतं. मग आम्ही प्रेषितांची कृत्ये आठवा अध्याय काढला, तो आफ्रिकेतला कूशी अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत असतो आणि फिलिप्प धावत जातो तर त्याला ते वाचन *ऐकू* येतं. आम्ही हे वचन किती वेळा वाचलंय, पण तो मोठ्याने का वाचत होता हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, मलासुद्धा.

पत्र पोचवायचं कसं हाही भाग आहे, नकाशावर करिंथजवळच्या किंख्रियापासून रोमपर्यंत दोरा लावायचा. तिथली फिबी, तिची रोमच्या मंडळीला पौल शिफारस करतो, पत्र तिनेच नेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुस्तिकेत तिचा नुसता एका ओळीत उल्लेख आहे, मला ते कमी वाटलं. थोरलीला मी सांगितलं की रोमकरांस पत्र, ज्याच्यावर आजवर एवढी प्रवचनं झाली, ते एका बाईच्या सामानात बांधून समुद्र ओलांडून गेलं, तर ती बराच वेळ त्या दोऱ्याकडे बघत बसली.

तिसरं पाकीट पुस्तक शिवायचं. गुंडाळी आणि पानांचं पुस्तक यातला फरक हाताने करून कळतो. त्या काळात बाकीचं जग अजून गुंडाळ्या वापरत होतं आणि ख्रिस्ती लोकांनी पानांचं पुस्तक फार लवकर उचललं. पाकिटात एक कार्ड असतं, साधारण ९ सेंटीमीटर उंच आणि ६ रुंद, त्याचा आकारही वेडावाकडा, फाटल्यासारखा. योहानाच्या शुभवर्तमानाचा इजिप्तमधे मिळालेला एक तुकडा आहे, आज मँचेस्टरच्या रायलँड्स लायब्ररीत आहे, अक्षरांच्या वळणावरून तो सहसा दुसऱ्या शतकातला धरतात, त्याची ती मापाबरहुकूम नक्कल. एका बाजूला सात ओळी, दुसऱ्या बाजूला सात ओळी, दोन्ही अठराव्या अध्यायातल्या, येशू पिलातासमोर उभा आहे तिथल्या. आता पुस्तिका सांगते की मुलांना काही सांगू नका, फक्त कार्ड द्या आणि विचारा की हा तुकडा गुंडाळीचा की पुस्तकाचा. थोरलीने उलटून-पालटून बघितलं, आणि दोन मिनिटांनी म्हणाली पुस्तकाचा, कारण मागे पण लिहिलंय आणि मागचं पुढच्याच्या नंतर येतं. एवढंच. पण ते तिने *शोधून काढलं*, मी सांगितलं नाही, आणि अशा वेळी मुलांचा चेहरा कसा होतो ते घरी शिकवणाऱ्या आईबापांना माहीत आहे.

याच पाकिटात पवित्र नावं लिहायची पद्धत पण आहे. येशू, ख्रिस्त, प्रभू, देव हे शब्द पूर्ण न लिहिता दोन-तीन अक्षरं लिहायची आणि वर आडवी रेघ ओढायची, जुन्या हस्तलिखितांत सगळीकडे हे दिसतं. आमची अडचण अशी की मराठीत वर रेघ आधीच असते. थोरलीने मग दुसरी रेघ ओढली, शिरोरेषेच्या वर अजून एक, सोनेरी पेनने. तिचं ते शिवलेलं पुस्तक आता तिच्या बायबलशेजारी असतं.

आता चौथं पाकीट, ज्याबद्दल मला तक्रार आहे. विषय कॅटकोम्ब, रोमच्या जमिनीखालची भुयारं. ॲक्टिव्हिटी काय तर खुर्च्यांवर चादरी टाकून बोगदा करायचा, दिवे बंद करायचे, एकाने रोमन शिपाई व्हायचं आणि बाकीच्यांनी ख्रिस्ती होऊन लपायचं, सापडला की आऊट. सोबत वाचून दाखवायची गोष्ट की ख्रिस्ती लोक अडीचशे वर्षं या भुयारांत लपून राहत होते. मुलांना मजा येते यात वादच नाही, पण हे खरं नाही हो! कॅटकोम्ब म्हणजे दफनभूमी. रोमच्या कायद्याने शहराच्या हद्दीत मृतांना पुरायला बंदी होती म्हणून सगळ्यांच्याच कबरी शहराबाहेर रस्त्यांच्या कडेला असायच्या, ख्रिस्ती लोकांच्याही. तिथे जमिनीखाली मऊ दगड आहे, ज्वालामुखीच्या राखेचा, खोदायला सोपा, म्हणून एकाखाली एक मजले खोदत गेले आणि भिंतीत कपाटाच्या फळ्यांसारखे कोनाडे केले. ही जागा कुठे आहे हे सरकारला पक्कं माहीत होतं. इ.स. २५७ मधे व्हॅलेरियन बादशहाने ख्रिस्ती लोकांना दफनभूमीत जमायला बंदी घातली, म्हणजे ते तिथे जमायचे, आपल्या मेलेल्यांच्या आठवणीला, प्रार्थनेला, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्याच वर्षी रोमचा बिशप सिक्स्तस दुसरा याला दफनभूमीतच पकडून मारलं. लपायची जागा असती तर शिपाई सरळ तिथेच कसे गेले असते?

मला राग यासाठी आला की खरी गोष्ट खोट्या गोष्टीपेक्षा कितीतरी जास्त भिडते. आम्ही बोगद्याचा खेळ केलाच नाही. त्याऐवजी बुटांचे रिकामे खोके भिंतीला लावून एकावर एक रचले, प्रत्येकाचं तोंड पांढऱ्या पुठ्ठ्याने बंद केलं आणि पुठ्ठ्यावर नावं लिहिली. त्या काळच्या लहान मुलांच्या कबरींवर बऱ्याचदा वय कसं लिहिलेलं असतं माहितीये, इतकी वर्षं, इतके महिने, इतके दिवस. आईबापांनी दिवस मोजलेले असायचे. आणि शेवटी "शांतीत". थोरलीने स्वतःचं वय तसं काढलं, दहा वर्षं चार महिने अकरा दिवस, मग धाकट्याचं काढलं, आणि मग गप्प झाली आणि म्हणाली की आई, बोगद्यात लपणारे नव्हते हे, हे आपल्या मुलांना भेटायला यायचे. त्यानंतर कबुतर, नांगर, मेंढपाळ ही चित्रं तिने काढली, कुणी सांगावं लागलं नाही.

सहाव्या पाकिटातला मातीचा दिवा पण आम्ही इथेच वापरला, तोटीवाला, वरून झाकलेला. माती थोडी हलकी आहे, वाळताना आमचे दोनपैकी दोन तडकले, पाण्याचा हात लावून परत लिंपले तेव्हा कुठे टिकले. पण खऱ्या कबरींच्या चुन्यात लोक असे छोटे दिवे आणि काचेचे तुकडे दाबून बसवायचे, आपली कबर ओळखू यावी म्हणून, हे सांगितल्यावर तो तडकलेला दिवा धाकट्याने स्वतःच्या खोक्याला चिकटवला. पुस्तिकेत दिवा वेगळा आणि कॅटकोम्ब वेगळं ठेवलंय, ते एकत्र करा.

माशाच्या चिन्हाचंही तसंच. एकाने वाळूत अर्धा मासा काढायचा, दुसऱ्याने उरलेला अर्धा काढून ओळख पटवायची, ही गोष्ट सगळीकडे सांगतात, या बॉक्समधेही आहे, पण त्या काळातल्या कुणीच असं लिहून ठेवलेलं नाही. मासा मात्र खरा, कबरींवर आहे, आणि त्याचं कारणही खरं. ग्रीकमधे येशू ख्रिस्त देवाचा पुत्र तारणारा यांची पहिली अक्षरं जोडली की मासा हा शब्द तयार होतो. मुलांना म्हटलं मराठीत करून बघा. येशू, ख्रिस्त, देवाचा, पुत्र, तारणारा, झालं "येख्रिदेपुता". दोघं हसले, पण त्याच क्षणी त्यांना कळलं की हे कोडं त्या भाषेतच जमतं, म्हणजे ज्यांनी ते केलं ते ग्रीक बोलणारे लोक होते.

पाचवं प्लिनीचं पत्र, चांगलं आहे, पटकन होतं. इ.स. ११२ च्या आसपास आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर भागात हा सुभेदार होता, त्याला ख्रिस्ती लोकांचं काय करायचं कळेना म्हणून त्याने ट्राजन बादशहाला लिहिलं. तो सांगतो की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेच्या आधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, आणि चोरी करणार नाही, शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात. मंडळीत सेविका म्हणवल्या जाणाऱ्या दोन दासींचा छळ करून त्याने माहिती काढली असंही तो सरळ लिहितो. मुलांना मी छळाचं तपशिलात सांगितलं नाही, फक्त एवढंच की त्या दोघींना पकडलं आणि त्यांनी वाईट काहीच सांगितलं नाही कारण सांगण्यासारखं वाईट काही नव्हतंच. बादशहाचं उत्तरही पाकिटात आहे, शोधायला जाऊ नका, निनावी तक्रार घेऊ नका, पण सिद्ध झालं आणि देवांना मानत नसेल तर शिक्षा करा. थोरली म्हणाली गुन्हा असेल तर शोधत का नाही आणि नसेल तर शिक्षा का. हाच प्रश्न पुढे तर्तुलियन नावाच्या आफ्रिकेतल्या ख्रिस्ती लेखकाने विचारला होता, मी तिला ते सांगितलं तेव्हा तिला केवढा आनंद झाला.

आणि आता सातवं. संपूर्ण बॉक्स या एका पाकिटासाठी घेतला तरी पैसे वसूल, असं मी मनापासून म्हणते. विषय इ.स. २५० चा, डेशियस बादशहाचा हुकूम. साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवांना अर्पण करायचं, अधिकाऱ्यांसमोर, आणि केल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं. ही प्रमाणपत्रं खरोखर सापडलीत, पपायरसवरची, इजिप्तमधे, चाळीसच्या वर. मजकूर जवळजवळ सगळ्यांचा सारखा, मी अमुक गावचा अमुक, मी नेहमीच देवांना अर्पण करत आलोय, आत्ताही तुमच्यासमोर हुकुमाप्रमाणे पेयार्पण केलं, बळी दिला आणि प्रसाद चाखला, तरी तुम्ही खाली सही करावी ही विनंती. खाली साक्षीदारांची सही, तारीख. अगदी आजच्या सरकारी फॉर्मसारखं कोरडं.

पाकिटात हा मजकूर छापलेला पपायरसचा कागद असतो, नावाची जागा रिकामी. आणि चार कार्डं, प्रत्येकावर एक माणूस, एक व्यापारी, एक विधवा जिच्या पदरी तीन मुलं आहेत, एक दास, एक मंडळीचा वडील. प्रत्येकाने काय करायचं, अर्पण करायचं, पळून जायचं, ओळखीच्या अधिकाऱ्याला पैसे देऊन नुसता कागद घ्यायचा की नकार द्यायचा? हे चारही प्रकार तेव्हा झाले, कुठलाच रचलेला नाही. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन स्वतः पळून लपला होता आणि लपलेल्या ठिकाणाहून मंडळीला पत्रं पाठवत होता, आणि तोच सिप्रियन आठ वर्षांनी, २५८ मधे, परत पळाला नाही, त्याचा शिरच्छेद झाला.

थोरलीला विधवेचं कार्ड आलं. ती पेन घेऊन बसली आणि लिहीना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी काही बोलले नाही. मग म्हणाली मी कागद विकत घेईन, अर्पण नाही करणार, मुलांना कोण बघणार. आणि पुन्हा पेन खाली ठेवला, म्हणाली पण कागदावर तर लिहिलंय की मी केलं, म्हणजे मी खोटं बोलले, आणि ते पण येशूबद्दल. धाकट्याला दासाचं कार्ड आलं होतं, त्याने लगेच नकार देऊन टाकला, सात वर्षांच्या मुलाला ते सोपं वाटतं. तिने त्याला विचारलं, तुझा मालकच ख्रिस्ती असेल आणि त्याने तुला त्याच्याऐवजी अर्पण करायला पाठवलं तर? हा प्रश्न तिला कसा सुचला मला माहीत नाही, पण असंही झाल्याची चर्चा त्या काळानंतरच्या मंडळीच्या नियमांत आहे, मालकांनी स्वतःच्या जागी दासांना पाठवलं म्हणून. धाकटा रडकुंडीला आला. त्या दिवशी आम्ही तिथेच थांबलो.

माझी एकच तक्रार या पाकिटाबद्दल, ते लवकर संपतं. डेशियस २५१ मधे लढाईत मेला, छळ थांबला, आणि पुस्तिका पुढच्या पाकिटावर जाते. पण खरी गोष्ट तर इथे सुरू होते ना! ज्यांनी अर्पण केलं, ज्यांनी कागद विकत घेतला, ते हजारो लोक मंडळीच्या दाराशी परत आले, आम्हाला आत घ्या. घ्यायचं की नाही? रोममधे नोवेशियन नावाचा एक पुढारी म्हणाला नाही, आणि मंडळी त्याच्यावरून फुटली. सिप्रियन आणि बाकीचे म्हणाले घ्यायचं, पण पश्चात्ताप बघून, काहींना लवकर, काहींना बराच काळ थांबवून. मी दुसऱ्या दिवशी एक खुर्ची दाराबाहेर ठेवली आणि म्हटलं विधवा आलीये, आत घ्यायचं का. धाकटा, जो आदल्या दिवशी एवढा कडक होता, तो म्हणाला घ्यायचं, पण आधी थोडे दिवस दाराजवळ बसायला लावायचं, आणि मग सगळ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायचा. हात ठेवायचं त्याने कुठून आणलं? आम्ही त्याला सांगितलं नव्हतं. आणि खरंच तेव्हा हात ठेवूनच परत घेत असत. तुम्ही हे पाकीट केलंत तर ही खुर्चीची पायरी नक्की घाला.

आठवं पर्पेतुआचं. कार्थेज, इ.स. २०३, बाविशीची बाई, अंगावर पिणारं बाळ, आणि तुरुंगात तिने स्वतः लिहिलेलं टिपण आज आपल्याकडे आहे, त्या काळातल्या ख्रिस्ती बाईने स्वतः लिहिलेलं इतकं जुनं फारच थोडं उरलंय. एवढं सगळं असून पाकिटात काय तर सिंहाचं चित्र रंगवायला. सिंह तर तिच्या वाट्याला नव्हताच, तिच्यावर आणि तिच्यासोबतच्या फेलिसितावर चवताळलेली गाय सोडली होती. लहान मुलांना रिंगणातला भाग सांगायचाच कशाला? मी सांगितलाच नाही, एवढंच सांगितलं की ती विश्वासासाठी मेली. पण तिचे वडील तुरुंगात येतात आणि गयावया करतात तो प्रसंग सांगितला. ती तिथे पडलेल्या एका भांड्याकडे बोट दाखवते आणि विचारते, याला जे आहे त्याच्याशिवाय दुसऱ्या नावाने हाक मारता येईल का? वडील म्हणतात नाही. मग मलाही मी जी आहे ते सोडून, ख्रिस्ती सोडून, दुसरं काही म्हणवून घेता येत नाही. मी पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवला आणि दोघांना म्हटलं याला दुसरं नाव द्या. धाकट्याने बरीच नावं दिली, पण दर वेळी परत तांब्याच म्हणाला. रंगवायचं चित्र आम्ही केलं नाही.

नववं पाकीट दुरा-युरोपसचं, फारच सुंदर. सीरियात फरात नदीकाठी, साधं राहतं घर, त्यात मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक मोठी केली आणि एका खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड बांधलं. भिंतींवर मेंढपाळ, पाण्यावर चालणारा येशू, आणि पक्षघाती माणूस आपली खाट पाठीवर घेऊन निघालेला. कागदाचं घडी करायचं मॉडेल आहे, भिंत खरंच सरकवून काढता येते. ते घर का टिकलं हे पण मुलांना करून दाखवा, शत्रू चालून येत होता म्हणून शहराच्या तटाला लागून असलेली घरं मातीने भरून टाकली तटाला आधार द्यायला, शहर २५६ च्या सुमारास पडलं, आणि ती माती १९३० च्या दशकात उकरली तेव्हा आत रंग जसेच्या तसे. आम्ही मॉडेल एका घमेल्यात ठेवून वाळूने भरलं आणि आठवड्याने ब्रशने उकरलं.

दहावं आणि अकरावं कॉन्स्टंटाईन आणि नायसिया. यात एक चूक आहे जी सुधारूनच शिकवा. पुस्तिका म्हणते की ३१३ मधे ख्रिस्ती धर्म साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला. नाही. ३११ मधे गॅलेरियस बादशहाने मरता मरता सवलत दिली, ३१३ मधे कॉन्स्टंटाईन आणि लिसिनियस या दोन बादशहांनी सगळ्यांनाच आपापला धर्म पाळायची मोकळीक दिली आणि जप्त केलेल्या जागा मंडळीला परत दिल्या, आणि अधिकृत धर्म ३८० मधे थिओडोसियसच्या वेळी. यात ६७ वर्षं जातात, दोन पिढ्या. खी आणि रो, म्हणजे ग्रीकमधल्या ख्रिस्त शब्दाची पहिली दोन अक्षरं, एकात एक घालायचं चिन्ह रंगवायचं काम ठीक आहे. नायसियाची सभा, म्हणजे ३२५ मधली बिशपांची मोठी सभा, मुलांना बिशप करून बसवायचं, तेही ठीक, पण सातच्या मुलाला ते वादाचं काही कळत नाही, मोठ्यासाठी ठेवा.

बारावं म्हणजे कालरेषा. त्यात सगळ्या घटना सारख्या अंतरावर छापल्यात, एकीला लागून दुसरी, आणि त्याने मुलांना असं वाटतं की तीनशे वर्षं रोज कोणी ना कोणी पकडलं जात होतं. मी दोरी घेतली, एका वर्षाला एक सेंटीमीटर, इ.स. ३० ते ३८०, साडेतीन मीटर, भिंतीवर लावली आणि चिमट्यांनी कार्डं लावली. ६४ नीरो, ११२ प्लिनी, २०३, २५०, २५७, ३०३ जेव्हा डायोक्लेशियनने चर्च पाडायचा आणि शास्त्राची पुस्तकं जाळायचा हुकूम काढला. थोरलीने लगेच रिकाम्या जागा बघितल्या. २६० मधे गॅलिएनसने छळ थांबवला तिथपासून ३०३ पर्यंत नुसती दोरी, ४३ सेंटीमीटर. तिने विचारलं इथे काय झालं. मी म्हटलं लोक जगले, लग्नं झाली, मुलांना शिकवलं, आजाऱ्यांना बघितलं, चर्च बांधली. तिने त्या ४३ सेंटीमीटरला स्वतःहून छोटी-छोटी घरं काढून लावली.

नकाशाबद्दल म्हटलं होतं ना, तो पूर्वेला सीरियाशी संपतो. जणू सुवार्ता फक्त पश्चिमेलाच गेली. आर्मेनियाचा राजा चौथ्या शतकाच्या सुरुवातीलाच ख्रिस्ती झाला, एदेस्साची सिरियाक बोलणारी मंडळी होती, आफ्रिकेत अक्सुमच्या एझाना राजाने चौथ्या शतकात आपल्या नाण्यांवर क्रूस घातला, आणि प्रेषित थोमा इ.स. ५२ मधे मलबारला उतरला अशी तिथल्या मंडळीची जुनी परंपरा आहे. आम्ही उजवीकडे आणि खाली दोन कागद चिकटवले. आता नकाशा जवळजवळ दुप्पट आहे.

अजून एक, सगळं साहित्य इंग्रजीत आहे, आणि नुसतं भाषांतर करून भागत नाही कारण नावं जुळत नाहीत. मुलांनी मराठी बायबलात अंत्युखिया वाचलंय, त्यांना अँटिऑक सांगून काय कळणार. मी पहिल्याच आठवड्यात एक पान केलं, दिमिष्क म्हणजे दमास्कस, मिलिता म्हणजे माल्टा, करिंथ, इफिस, थेस्सलनीका, आणि ते नकाशावरच चिकटवलं. हे आधी करा, नाहीतर जहाज फुटल्याची गोष्ट, ती दोनशे शहात्तर माणसं वाचल्याची, मुलांना माहीत असूनही नकाशावर सापडणार नाही.

सेवेबद्दल थोडक्यात. आमच्या बॉक्समधे मेणाच्या पाटीची काडी नव्हती, कळवल्यावर आठ दिवसांत आली. कॅटकोम्ब आणि ३१३ च्या चुकांबद्दल मी सविस्तर लिहिलं, उत्तर आलं की मुलांना आवडतं म्हणून तसं ठेवलंय. हे मला पटलं नाही आणि मी परत लिहिलंय. मुलांना खरं पण आवडतं, माझ्या घरात चौदा आठवडे मी तेच बघितलं.

वयाचं म्हणाल तर आठच्या खाली सातवं आणि आठवं पाकीट आईबापांनी सोबत बसूनच करावं. प्रिंटची पानं रंगीत काढायची गरज नाही. क्रम मी असा ठेवीन, आधी बारावं, म्हणजे दोरी पहिल्या दिवशीच भिंतीवर, मग दोन, तीन, पाच, आठ, सात, मग चार आणि सहा एकत्र, मग नऊ, आणि बाकीचं त्यानंतर. पहिलं पाकीट रोमन कपड्यांचं आहे, ते पाऊस पडत असेल त्या दिवशी करा. आमची दोरी अजून भिंतीवरच आहे, आणि विधवेचा तो पपायरस टेबलाच्या खणात आहे, नावाची जागा थोरलीने अजून भरलेली नाही.